पंच्याण्णव सालची बाटली

माणिकराव सरकट्यांचं नाक म्हणजे काय चीज होती, हे छातीठोकपणे सांगणारे आता चिखलीत चार-पाच म्हातारेच उरलेत, आणि त्यातल्या दोघांना धड ऐकू येत नाही. म्हणून आधी तेच सांगून टाकू.

चाळीस वर्षं हा माणूस उकंडराव शेठच्या अडतीवर धान्याचा पारखी होता. हंगामात बाजारात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागली, की माणिकराव हातात लोखंडी नळी घेऊन निघायचे. नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि डोळे मिटून नाकाशी धरायचे. बस. "हिवऱ्याकडची हाये. खळ्यावर एक पाऊस खाल्ला इनं, मंग वाळवली." शेतकरी तोंडात बोट घालायचा, कारण गोष्ट शंभर टक्के खरी असायची. पोतं तळाशी बोटभर जरी ओललेलं असलं, तरी माणिकरावांना ते चार हातांवरून कळायचं. "ओल्या पोत्याचा वास हाये, बाजूले काढा," एवढंच म्हणायचे. मग पोतं कुणाचंही असो, ते बाजूलाच.

आणि त्यांचा एक नियम होता. पारखी बोलल्याशिवाय दुसऱ्या कुणी ब्र काढायचा नाही. खुद्द शेठनंसुद्धा नाही. कुणी आधीच 'माल बरा दिसते' म्हटलं, की नाक त्या शब्दामागं पळतं, असं त्यांचं म्हणणं. हा नियम त्यांनी घरातही चालवला. चांगुणाबाईंनी, म्हणजे त्यांच्या कारभारणीनं, नवीन लोणच्याची बरणी उघडली की सगळं घर माणिकरावांच्या तोंडाकडे बघत बसायचं.

तर असं हे नाक एकवीस साली गेलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत. ताप आठ दिवसांत उतरला, खोकला महिन्याभरात थांबला, आणि एके सकाळी चांगुणाबाईंनी लसणाची फोडणी टाकली तेव्हा माणिकरावांना चुर्र आवाज ऐकू आला, वास आला नाही. ते उठून शेगडीजवळ गेले, पातेल्यावर वाकले. काही नाही. मग धान्याच्या खोलीत गेले, कणगीतल्या ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला आणि ओंजळ नाकाशी धरली. नुसते दाणे. त्या दिवशी ते तिथंच पालथ्या पाटीवर बसून राहिले. जेवायला हाक आली तेव्हा डोळे पुसून बाहेर आले.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आला. आणि माणिकरावांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. त्याला कारण होतं धम्मशीला.

धम्मशीला ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती बापाचं बोट धरून बाजारात यायची आणि पोत्यापोत्याला नाक लावत फिरायची. "बाबा, ह्याले मोहाचा वास येते." माणिकराव बघायचे, तर खरंच ते पोतं मोहाच्या फुलांच्या शेजारी ठेवलेलं असायचं. पोरीनं नाक बापाचं घेतलं, असं सगळा बाजार म्हणायचा. पुढं ती अकोल्याला शिकली, नाशिककडे एका वाइनच्या कारखान्यात लागली. विहारात थोडी कुजबुज झाली. रोज पंचशील म्हणणाऱ्या माणसाची पोरगी अन् दारूच्या कारखान्यात? माणिकरावांनी एकदाच उत्तर दिलं, "मी जन्मभर ज्वारी पारखली, ती सगळी खाल्ली काय? तेही पारख करते. तोंडात घेते अन् थुंकते." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

आणि बरोबर एकवीस सालीच तिला फ्रान्समधून बोलावणं आलं. एका जुन्या द्राक्षमळ्यावर, वाइनच्या तळघरात, चव आणि वास तपासायच्या कामाला. कागदपत्रं झाली होती, तिकीट निघालं होतं. अशा वेळी बापानं 'माहं नाक गेलं' म्हटलं असतं, तर ती पोरगी गेली असती का? नसती गेली. उपचार, मुंबई-पुणे करत बसली असती. म्हणून माणिकराव गप्प बसले. आधी ती जाईपर्यंत गप्प बसले, मग ती रुळेपर्यंत, आणि मग एवढा काळ लोटला की सांगायची लाज वाटायला लागली. नाक हीच ज्याची ओळख, त्यानं काय सांगायचं हो?

दर रविवारी तिचा फोन यायचा आणि बापलेकीचा खेळ चालायचा. ती सांगायची, माती अशी, पाऊस इतका, द्राक्षं अमुक तारखेला तोडली. सांगा बाबा, वास काय असन? माणिकराव थोडा वेळ घ्यायचे. चाळीस वर्षांची माती डोक्यात होतीच. "पाऊस उशिरा म्हणतं ना? मंग पिकल्या जांभळाचा असन. अन् मागून लाकडाचा." पलीकडून पोरगी ओरडायची, "बाबा! अगदी हेच!" चांगुणाबाई भाजी निवडता निवडता माणिकरावांकडे बघत राहायच्या.

असं साडेचार वर्षं निभलं. आणि यंदाच्या जानेवारीत, ऐन हुरड्याच्या दिवसांत, धम्मशीला घरी आली ती बाटली घेऊन.

बाटली काळपट हिरवी, लेबल पिवळं पडलेलं. त्यावर एका दुमजली घराचं रेघांचं चित्र आणि साल, १९९५. म्हणजे धम्मशीलेच्या जन्माचं.

"आमच्या मालकीणबाईनं देल्ली," ती म्हणाली. "ऐंशी वर्षांची म्हातारी हाये, मादाम सोलांज. मी तिले सांगतलं, माहं नाक माह्या बापाचं हाये. तं तळघरात घेऊन गेली, अन् सोताच्या हातानं हे काढून देल्ली. म्हणे, ज्या नाकापासून तुहं नाक आलं, त्याले दे. अन् तो काय म्हणते ते शब्द न् शब्द मले येऊन सांग."

माणिकरावांनी बाटली हातात घेऊन लेबल न्याहाळलं. फोनवरचं वेगळं. आता ही समोर बसणार, पेला हातात देणार, आणि ती सातासमुद्रापारची म्हातारी शब्द न् शब्द मागणार. ते वरवर हसले. "रविवारी उघडू. उकंडराव शेठलेही बोलावू."

चांगुणाबाईंना वेगळीच काळजी. "अवं माय, विहारातल्या बायका येतात घरात! हे बाटली कुठी ठेवू मी?" त्यांनी ती साडीच्या घडीत गुंडाळून ज्वारीच्या कणगीत आडवी पुरली. धम्मशीला पोट धरून हसली. म्हणाली, "आई, तिथंही अशीच अंधारात, थंड जागी आडवी ठेवतेत."

तीन दिवस माणिकरावांनी मनात उजळणी केली. तिनं या मळ्याच्या वाइनबद्दल आजवर फोनवर काय काय सांगितलं होतं, ते आठवून आठवून जुळवलं. जांभूळ. जुनं लाकूड. वाळलेलं तंबाखूचं पान. परीक्षेच्या पोरासारखे ते विहारात जाता-येता ओठ हलवायचे.

रविवारी दुपारी चार वाजता उकंडराव आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हातात काठी, पण जीभ जशीच्या तशी. अडत आता मुलगा चालवतो, शेठ नुसते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतात.

"कुठी हाये ते फ्रान्सची दारू?" त्यांनी दारातूनच विचारलं. "अन् माणिक, तू तं पिणार नाईस. मंग तुले फायदा काय बे?"

"म्या फक्त वास घेईन, शेठ. शील मोडत नाई अन् पोरीचं मनही मोडत नाई."

"वा! अन् माहं शील?"

"तुमच्यापाशी होतं कधी?" चांगुणाबाई आतून म्हणाल्या, आणि उकंडराव खो-खो हसले.

अंगणात बाज टाकली होती. चांगुणाबाईंनी भाजलेल्या हुरड्याची परात आणून ठेवली, सोबत शेंगदाण्याची चटणी. धम्मशीलेनं बाटली तासभर आधी कणगीतून काढून उभी ठेवली होती. आता ती बुचात मळसूत्र फिरवू लागली, हळूहळू, कारण तीस वर्षांचं बूच तुटायची भीती. फिरवता फिरवता ती त्या मळ्याची गोष्ट सांगत होती. तिकडे अशा मळ्याला, त्यातल्या घराला आणि तळघराला मिळून शातो म्हणतात. हा मळा अडीचशे वर्षं एकाच घराण्याकडे. दीडशे वर्षांपूर्वी मुळं खाणारी एक बारीक कीड आली आणि देशभरचे द्राक्षवेल वाळून गेले. लोक मळे विकून शहरात गेले. या घरची कर्ती बाई विधवा, तिनं चांदीची भांडी मोडली, अमेरिकेहून रानटी वेलाची मुळं आणवली आणि त्यावर आपल्या वेलाची कलमं बांधली.

"म्हंजे आपल्या संत्र्यासारखंच," उकंडराव म्हणाले. "खुंट जंबेरीचा, अन् वर संत्रा."

"अगदी तसंच, काका. अजूनही मूळ परकं अन् वेल घरचा."

मग दुसऱ्या महायुद्धाचे दिवस आले. जर्मन फौज मळ्यात उतरली. मादाम सोलांजच्या बापानं एका रात्रीत तळघरात आडवी भिंत घातली आणि चांगल्या बाटल्या तिच्यामागं दडवल्या. भिंत नवी दिसू नये म्हणून तिच्यावर धूळ फासली, पोरांकडून कोळी धरून आणून सोडले. चार वर्षं शिपाई त्या भिंतीला टेकून जेवले, पण त्यांना पत्ता लागला नाही.

"आपल्याकडची पेवं!" माणिकराव एकदम म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. विहिरीसारखं खोल, तोंड लहान, पोट मोठं. रझाकारांच्या धामधुमीत निजामाच्या हद्दीला लागून असलेल्या गावांनी वर्षवर्ष ज्वारी पेवात दडवली, वर शेण-माती सारवली, त्यावर गुरं बांधली. ही सगळी गोष्ट माणिकरावांना त्यांच्या बापानं सांगितलेली. सटवाजी त्या बापाचं नाव. गावात कुणाचंही पेव उघडायचं असलं, की कमरेला दोर बांधून सटवाजीलाच आत सोडायचे, कारण बंद पेवात विषारी वाफ साचते आणि माणूस मरतो. वाड्यातला कुणी थोडाच उतरणार? सटवाजी तोंडाशी पालथा पडून आधी वास घ्यायचा. आत उतरायचं की थांबायचं, ते नाक सांगायचं. चाळीस पेवांत उतरला आणि जिवंत राहिला, तो नाकावर.

"त्यायची इस्टेट अडीचशे वर्षांची," माणिकराव म्हणाले. "आपल्याले शेत नाई, वाडा नाई. माह्या बापानं मले हे नाक देल्लं, अन् म्या हिले देल्लं. आपली इस्टेट एवढीच."

धम्मशीलेनं बुचावरून नजर उचलून बापाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. माणिकरावांनी मात्र नजर खाली घातली. इस्टेट बुडाली होती आणि वारसाला पत्ता नव्हता, असं त्यांना वाटलं.

"अन् त्या बापाचंच पोतं यानं फेकलं!" उकंडरावांना गोष्टीची चाहूल लागली की आवरत नाही. "सांगू का पोरी?"

"शंभर वेळा ऐकली, काका."

"एकशे एकावी ऐक." आणि त्यांनी सांगितलीच. शहात्तर सालची गोष्ट. सटवाजीला सरकारी गायरानातला दीड एकर तुकडा मिळाला होता, जन्मात पहिल्यांदा स्वतःची ज्वारी झाली होती. चार पोती बैलगाडीत घालून तो चिखलीच्या बाजारात आला. लेक नुकताच पारखी झालेला. बाप नवं पागोटं बांधून पोत्यांशेजारी उभा. माणिकरावांनी तीन पोती पास केली. चौथ्यापाशी थांबले. नदी ओलांडताना गाडीच्या तळाशी पाणी आलं होतं. सगळा बाजार बघत होता. आणि माणिकराव म्हणाले, "बापाचं पोतं असलं तरी ओलं ते ओलंच. बाजूले काढा."

"तवापासून चिखलीच्या बाजारात या माणसाच्या शब्दावर कोणी बोट ठेवलं नाई," उकंडराव म्हणाले. "काय तं ताठा!"

माणिकराव दरवेळी ही गोष्ट ऐकून मिशीत हसायचे. आजही हसले. त्या दिवशी सटवाजी पोतं एकट्यानं पाठीवर घेऊन गाडीकडे गेला आणि गावापर्यंत एक शब्द बोलला नाही, हे मात्र ते कधी कुणाला सांगत नसत.

बूच निघालं. धम्मशीलेनं पातळ काचेच्या पेल्यात दोन बोटं वाइन ओतली. लाल, पण कडेला विटेसारखा रंग. खरं तर तिच्या धंद्याच्या रीतीनं पहिला वास तिनं घ्यायचा असतो. पण तिनं पेला तसाच बापापुढं धरला.

"आधी पारखी," ती म्हणाली. "तुमच्या आधी कोणी बोलणार नाई."

उकंडरावांनी हुरड्याची मूठ तोंडाजवळ नेऊन तशीच थांबवली. माणिकरावांनी पेला जुन्या सवयीनं तळहातावर तोलला, डोळे मिटले, नाक आत घातलं आणि खोल श्वास घेतला.

काही नाही. गार हवा.

"जांभूळ," ते म्हणाले. "झाडावरचं नाई, पिकून खाली पडलेलं." ठरवलेले शब्द बरोबर येत होते. "त्याच्यामागं लाकूड. जुनं, तेल मुरलेलं. मंग तंबाखूचं वाळलेलं पान." इथं त्यांची तयारी संपत होती. पण डोळे मिटलेले होते आणि समोर सटवाजी उभा होता, दोराला धरून पेवातून वर येणारा, अंगावर पिवळी धूळ, आणि सात-आठ वर्षांचा माणिक त्याच्या सदऱ्यात नाक खुपसून उभा. "अन् सगळ्यात खाली पेव हाये, धम्मे. नुकतं उघडलेलं, कोरडं पेव. उबदार, गोड. आत वर्षभराची ज्वारी सुखानं झोपलेली. माह्या बापाच्या सदऱ्याले असाच वास यायचा." खरंच वास आल्यासारखं वाटलं त्यांना. साडेचार वर्षांत एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडून पेला लेकीला दिला. धम्मशीलेनं तो नाकाशी नेला, आणि तिचा हात एकदम थांबला. तिनं पेला खाली घेतला. पुन्हा वर नेला. बापाकडे पाहिलं, मग आईकडे. चांगुणाबाईंनी मान हलवली की नाही, कळलं नाही. पोरीच्या डोळ्यातून घळकन पाणी आलं.

"पास हाये, बाबा," ती म्हणाली. "शब्द न् शब्द बरोबर."

गड जिंकला! माणिकरावांनी मोठा श्वास सोडला. उकंडरावांच्या हातात पेला गेला. त्यांनी आधी वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "माणिक, मले तं याले—"

"शेठ, हुरडा गार होऊन राह्यला," चांगुणाबाईंनी परात त्यांच्या छातीशी नेऊन आदळली. "खा गुमान."

"काका, सवय लागते याची," धम्मशीला म्हणाली, आणि तिनं त्यांच्या हातातला पेला घेऊन शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. थुंकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव छाती पुढं काढून बाजाराकडे निघाले. वाटेत उकंडरावांचा ओटा. शेठ एकटेच बसले होते.

"बस," ते म्हणाले. नेहमीची थट्टा नव्हती. "माणिक, एक गोष्ट इचारतो. राग नको मानू. काल ते बाटली तू पास कशी केली बे?"

"म्हंजे?"

"अरे, ओल्या पोत्याचा वास होता तिले! चार महिने गोदामात कुबलेलं पोतं असते ना, अस्सल तसा. मले अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, या भोंगळ नाकानं येऊन राह्यला, अन् तुले नाई? मी बोलणार होतो, पण तुह्या घरवालीनं असे डोळे वटारले, की मी हुरडा खाल्ला." ते थांबले. माणिकरावांच्या तोंडाकडे बघून त्यांना काय ते कळलं. चाळीस वर्षं ते तोंड वाचण्यातच गेली होती. "कधीपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

माणिकराव ओट्याचा खांब धरून उठले आणि घराकडे वळले. सगळ्या वाटेनं एकच गोष्ट डोक्यात घण घालत होती. ज्या वासावर अख्खी हयात काढली, तोच वास काल नाकाखाली होता. जगातला दुसरा कुठलाही वास चुकला असता तर चाललं असतं. आणि आपण काय म्हणालो? जांभूळ. बापाचा सदरा. पोरीनं पेला नाकाशी नेला तेव्हाच तिला दोन्ही गोष्टी कळल्या असणार. बाटली मेलेली आहे आणि बापाचं नाकही.

धम्मशीला अंगणात बाजेवर मेथी निवडत बसली होती. चांगुणाबाई शेजारी हुरडा भाजायला गोवऱ्या पेटवत होत्या. माणिकराव समोर उभे राहिले.

"धम्मे. बाटली खराब होती ना?"

तिची बोटं थांबली. "हाव, बाबा. बुचाले कधी कधी बुरशी धरते. कोणाचा दोष नसते. शंभरात एखादी निघते."

"वास कायचा होता?"

तिनं मेथीची जुडी पुढं ओढली.

"सांग. पारखी हाये ना तू?"

"ओल्या पोत्याचा," ती खालमानेनं म्हणाली.

"मंग पास काऊन केली?" माणिकराव ओरडले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "हे शिकवलं म्या तुले? त्या म्हातारीले काय सांगशीन? सगळ्या जन्मात म्या एक ओलं पोतं पास केलं नाई, माह्या बापाचंही नाई! तू काऊन केली?"

धम्मशीलेनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"बापाचं पोतं होतं, बाबा," ती म्हणाली.

माणिकराव बाजेवर बसले. पन्नास वर्षांपूर्वीचं ते नवं पागोटं, पाठीवर पोतं, आणि एकट्यानं गाडीकडे चाललेली ती पाठ त्यांना दिसली. एक पोतं होतं. उन्हात पसरलं असतं तर दोन दिवसांत वाळलं असतं. बाजारासमोर म्हणायची काय गरज होती? संध्याकाळी हळूच सांगता आलं असतं. त्या पाठीमागं पळत जाऊन पोत्याला एक हात तरी लावता आला असता. सत्तरी उलटलेला हा माणूस दोन्ही हातांत तोंड घालून हुंदके देऊन रडला, आणि लेकीनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"मले वाटलं, तुह्या आईलेही ठाव नाई," खांद्यावरून मान उचलत ते म्हणाले.

"दूध करपून घरभर धूर झालता अन् तुम्ही बाजूले पेपर वाचत बसले होते," चांगुणाबाई गोवरी फुंकत म्हणाल्या. "त्या दिशीच समजलं. म्हटलं, सांगतीन तवा सांगतीन. साडेचार वर्षं झाली, माणूस काही सांगतच नाई!" आणि त्यांनीही पदरानं डोळे पुसले. धुरानं, असं म्हणाल्या.

"मादामले काय सांगू?" धम्मशीलेनं विचारलं.

"खरं सांग. बाटली ओली निघाली म्हणाव. अन् बापाचं नाक कोरडं." ते रडता रडता हसले. "अन् ते पेवाची गोष्ट सांग. ते खोटी नोयती."

चांगुणाबाईंनी निखाऱ्यातून पहिलं कणीस काढलं, हातावर चोळलं आणि कोवळे हिरवे दाणे पाटीत टाकले. सवयीनं ती पाटी त्यांनी माणिकरावांपुढं धरली. घरात पहिला वास त्यांचा, हा रिवाज मोडायचं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

माणिकरावांनी मूठभर गरम दाणे उचलले, तळहातावर पसरले, त्यावर तोंडाची वाफ सोडली. मग तो हात त्यांनी लेकीच्या नाकाशी धरला.

"सांग," ते म्हणाले. "कसा वास येऊन राह्यला?"

धम्मशीलेनं डोळे मिटले. चांगुणाबाई काहीतरी म्हणायला गेल्या, तर माणिकरावांनी बोट ओठांवर ठेवून त्यांना थांबवलं. पारखी बोलेपर्यंत ते हात तसाच धरून गप्प बसून राहिले.